बारा कार्प आणि पान एकशे बारा

तर्कशास्त्र मला येतं! सगळं येतं असं म्हणणार नाही, कारण 'सगळं' आणि 'प्रत्येक' हे शब्द किती महागात पडतात तेच आता सांगायचं आहे. पण पान एकशे बारापर्यंत येतं. पोलंडमधल्या पोझनानच्या ट्रॅम डेपोत चौतीस वर्षं ब्रेक दुरुस्त केलेल्या माणसाला एवढं पुष्कळ झालं.

पुस्तक माझ्या बायकोचं. रेगीना शिक्षिकांच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची. हे पुस्तक तिनेच लिहिलं, घरच्या टाइपरायटरवर, आणि छापून आल्यावरही त्याच्या समासात पेन्सिलीने लिहीत राहिली. मार्चमध्ये ती गेली. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. दिवसाला एक पान. कळलं नाही तर तेच पान परत.

आता तुम्हालाही थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. विधेय म्हणजे रिकामी जागा असलेलं वाक्य. '— रुळावरून धावते.' जागेत आमची सात नंबरची ट्रॅम घाला, वाक्य खरं. जागेत तळमजल्यावरच्या झेनोबियाबाई घाला, वाक्य खोटं. जागा रिकामी ठेवलीत तर ते खरंही नाही, खोटंही नाही, नुसतं वाट बघत बसतं. आणि आपण किती जणांबद्दल बोलतोय हे सांगायला पुढे 'प्रत्येक' किंवा 'कोणीतरी' लावलं, की त्याला संख्यापक म्हणतात. झालं! एवढ्यावर मी स्वतःला विद्वान समजायला लागलो होतो.

नोव्हेंबरात माझी मुलगी डोरोटा आईच्या कबरीवर दिवे लावायला लुब्लिनहून आली. ती दातांची डॉक्टर आहे, त्यामुळे तिला सगळीकडे कीड दिसते. माझ्या घरात जरा जास्तच दिसली. लोकरीचा स्वेटर मी उकळत्या पाण्यात धुतला होता, तो आता बाहुलीला बसला असता. पडदा उलटा टांगलेला. आणि पातेल्यात जे होतं त्याला सूप म्हणायला ती तयार नव्हती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला एकट्याला एकही गोष्ट धड जमत नाही. सामान बांधा. माझ्याकडे चला."

तिच्याकडे म्हणजे घडीचा पलंग, शिवणयंत्राच्या शेजारी. आणि रेगीनाचं टेबल, तिची पुस्तकं, खिडकीपाशी जिथे उभी राहून ती चहा प्यायची ती जागा, हे काही लुब्लिनच्या गाडीत मावणार नव्हतं. मला घर सोडायचं नव्हतं. पण तसं म्हणायला मला कधीच जमलेलं नाही. मग मी पुस्तकाचा आधार घेतला.

"'एकही नाही' म्हणालीस ना? ते खोटं पाडायला मला एकच गोष्ट करून दाखवावी लागेल. एक!"

डोरोटाने माझ्याकडे पाहिलं. शेवटी रेगीनाची मुलगी ती! "बरोबर आहे. दाखवा एक."

"कुठली?"

"नाताळच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. आई करायची तसं. बारा पदार्थ, अकरा चालणार नाहीत. मी येऊन मोजणार. बारा भरले तर मी परत हा विषय काढणार नाही."

"आणि नाही भरले तर?"

"तर जानेवारीत लुब्लिन."

ती गेल्यावर मला काय काय येतं ते मी मोजलं. मला अंडं उकडता येतं. फार तर दोन.

पण पान एकशे बारावर चौकटीत मोठ्या अक्षरांत 'प्रत्येकासाठी काहीतरी असते' या प्रकारचं वाक्य होतं, आणि ते वाचता वाचता मला युक्ती सुचली. आमच्या जिन्यात, म्हणजे या एका जिन्यावरच्या सगळ्या घरांत, यंदा नाताळात कुठेही न जाणारे अकरा जण होते. कोणी एकटा, कोणी जोडपं. अकरा ते आणि एक मी. बारा! प्रत्येकाने एक पदार्थ आणला की बारा पदार्थ! इतकं सोपं की मला रेगीनाला हाक मारावीशी वाटली.

खरं तर न जाणारे बारा होते. दुसऱ्या मजल्यावरच्या क्लेमेन्सला मी मोजला नव्हता. तो निवृत्त पोस्टमन. तळघरात त्याचं आंबवलेल्या कोबीचं पिंप आमच्या कपाटाला लागून होतं. सात वर्षांपूर्वी त्याला चीर पडली आणि ते आंबट पाणी रेगीनाच्या खोक्यांत शिरलं. टिपणं गेली, पुस्तकं गेली. क्लेमेन्स म्हणाला, "कागद काय, वाळतात." रेगीना त्यावर काहीच बोलली नाही, आणि पुढेही त्याच्याशी कधी बोलली नाही. मग मीही नाही. हे पान एकशे बारासुद्धा त्याच पाण्यातलं. चौकटीच्या खाली हा एवढा मोठा पिवळा डाग, आणि त्याखालची अक्षरं पुसट. मी म्हटलं, चौकट वाचता येते ना, बस्स!

खाली दारावर मी चिठ्ठी लावली. 'चोवीस तारखेला पहिला तारा दिसला की माझ्याकडे जेवण. जिन्यातल्या प्रत्येकाने एक पदार्थ आणावा. ब्रोनेक, पहिला मजला.'

सगळ्यांनी आनंदाने होकार दिला. चौथ्या मजल्यावरचा लुत्सियान शिंपी तर जिन्यातच माझा हात हातात घेऊन म्हणाला, "ब्रोनेकराव, असं कोणी केलंच नव्हतं आजवर!"

का केलं नव्हतं, ते एकवीस तारखेला कळलं.

त्या दिवशी अंगणात मासळीची गाडी आली. सकाळी आठला घंटी वाजली. दारात झेनोबियाबाई, हातात बादली, बादलीत जिवंत कार्प मासा.

"हा माझा पदार्थ," त्या म्हणाल्या. "चोवीसपर्यंत तुमच्या टबात राहू दे. शिजवायचा तुमच्याकडेच ना?"

आमच्याकडे नाताळचा कार्प दोन-तीन दिवस टबात ठेवायचीच पद्धत आहे, चिखलाचा वास जातो. शिवाय डेपोने जुन्या कामगारांना वाटलेला एक कार्प माझ्या टबात आदल्या दिवसापासून होताच. म्हटलं, एकाला दोन. सोबत होईल.

साडेआठला लुत्सियान. हातात बादली.

"लुत्सियान, तुम्हीसुद्धा?"

"म्हणजे काय! कार्पशिवाय नाताळ असतो का?"

नऊला तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं, दोन बादल्या. "प्रत्येकाने म्हटलंय, म्हणून दोन आणले. आम्ही चिठ्ठी नीट वाचतो हो!"

दुपारी दोनपर्यंत अकरा जण येऊन गेले. अकरा जण, अकरा बादल्या, अकरा कार्प, आणि माझा एक. टबात पाणी कमी आणि मासे जास्त. गर्दीच्या वेळच्या सात नंबरच्या ट्रॅमसारखे ते अंगाला अंग लावून उभे होते, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर, पुढचा उतरेल मग मी वळेन, असा भाव.

मी टबाच्या कडेवर बसलो. चूक कुठे झाली? प्रत्येकाने एक पदार्थ आणला होता. माझं वाक्य अक्षरशः खरं ठरलं होतं!

मग मी पुस्तक आणलं, पान एकशे बारा दिव्यासमोर धरलं आणि क्लेमेन्सच्या डागाखालची पुसट अक्षरं एकेक करून वाचली. रेगीनाने लिहिलं होतं, 'प्रत्येक ट्रॅम कुठल्यातरी डेपोत परतते. यावरून प्रत्येक डेपोत एखादी ट्रॅम परतते असं सिद्ध होत नाही. सगळ्या ट्रॅम एकाच डेपोत परतू शकतात. मग काय होतं ते माझ्या नवऱ्याला विचारा.'

मला आठवलं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बर्फ पडलं होतं, आणि शहरातल्या सगळ्या ट्रॅम आमच्याच डेपोत आल्या होत्या. मी दोन दिवसांनी घरी आलो आणि जेवता जेवता तिला सगळं सांगितलं. ती ऐकताना हसत होती. एवढी का हसते, ते तेव्हा मला कळलं नव्हतं.

असो. तीन दिवस हातात होते. मी जुनी चिठ्ठी तशीच ठेवून तिच्याखाली नवी लावली. 'कार्प पुरेसे झाले! आता कोणीतरी बीटचं सूप करा. कोणीतरी खारवलेला हेरिंग मासा आणा. कोणीतरी उकडलेल्या करंज्या करा. कोणीतरी खसखशीच्या शेवया...' असे अकरा पदार्थ. बारावा कार्प, तो माझ्याकडे. या वेळी प्रत्येक पदार्थाचं नाव वेगळं होतं. कुठे पाणी झिरपायला फट ठेवली नव्हती!

तेवीसला सकाळी मी खुशीत जिन्यात उभा राहिलो. झेनोबियाबाई पिशवी घेऊन वर येत होत्या.

"बाई, सूप कोण करतंय?"

"करतंय ना कोणीतरी! मी वाचलं."

"पण कोण?"

"ते मला काय माहीत? मी करत नाही एवढं मला माहीत आहे. मला वाटलं लुत्सियान."

लुत्सियानला वाटलं होतं तिसऱ्या मजल्यावरचं जोडपं. त्या जोडप्याला वाटलं होतं झेनोबियाबाई. हेरिंगचं तेच, करंज्यांचं तेच. जो तो निश्चिंत होता! कोणीतरी करणार याची अकराही जणांना खात्री होती, आणि तो कोणीतरी आमच्या जिन्यात राहतच नव्हता.

"मग तुम्ही परवापासून रोज माझ्याकडे येताय ते कशाला?" मी विचारलं.

"माशाला बघायला!" झेनोबियाबाई म्हणाल्या. "पाव घालते मी त्याला. येऊ आत?"

हे मात्र खरं होतं. तीन दिवस माझ्या घरात जत्रा होती. जो तो येऊन टबापाशी स्टूल टाकून बसे, माशाशी दोन शब्द बोले आणि जाई. लुत्सियानने तर आपल्या माशाला डोळे फार बोलके आहेत असं सांगितलं. मी बघितलं. मला बाराही जण सारखेच गप्प वाटले.

दुपारी परत पुस्तक. पान एकशे तेरा, खरं तर माझ्या पुढचं, पण वेळच तशी होती! तिथे समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'कोणीतरी आहे एवढं कळलं की त्याला ताबडतोब नाव द्यावं, नाहीतर पुढे काहीच करता येत नाही. नाव मात्र नवं हवं. आधी वापरलेलं चालत नाही.'

ताबडतोब! मी वही घेतली आणि दारोदार फिरलो.

"झेनोबियाबाई, कोणीतरी म्हणजे तुम्ही. बीटचं सूप."

"मीच का?"

"नाव दिलं म्हणून."

मग चौथा मजला. "लुत्सियान, हेरिंग. कांदा तेलात."

"ब्रोनेकराव, मी शिंपी आहे हो!"

"कापता येतं ना? मग कांदा कापा!"

अकरा दारं, अकरा नावं, अकरा पदार्थ. एक नाव दोनदा नाही, एक पदार्थ दोनदा नाही. दुसऱ्या मजल्यावर क्लेमेन्सच्या दारासमोरून जाताना मी पावलं न वाजवता गेलो. आतून रेडिओ ऐकू येत होता. तो बंद झाला. मी पायऱ्या उतरलो.

चोवीस तारीख उजाडली. दुपारी बारापर्यंत अकराही पदार्थ घरी आले. मला तर लुब्लिनचं स्टेशन धुक्यात विरघळताना दिसायला लागलं! राहिला बारावा, माझा, कार्प. तळायचा कसा ते झेनोबियाबाई सांगणार होत्या. मी बाह्या सरसावल्या, कपडे धुवायच्या टोपलीने एक मासा उचलला.

"अहो, थांबा!" झेनोबियाबाई किंचाळल्या. "तो माझा आहे!"

"तुमचाच पदार्थ आहे ना, बाई? तोच शिजवतोय."

"तेव्हा होता. आता तो मला ओळखतो!"

मी तो सोडला. दुसरा उचलला.

"हा नको," लुत्सियान म्हणाला. "हा माझा. डोळे बघा."

तिसरा उचलला, तिसऱ्या मजल्यावरची बाई रडायला लागली. तोवर अकराही जण बाथरूमच्या दारात गोळा झाले होते. कार्प झालाच पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत! कार्पशिवाय नाताळ कसला? कोणता तरी एक शिजवाच! पण मी जो उचलीन त्याला, हा नको, म्हणणारा कोणीतरी निघेच.

"अहो, बारा मासे आहेत," मी ओरडलो. "अकरा तुमचे, एक माझा! माझा शिजवतो, मग झालं?"

"शिजवा की!" सगळे म्हणाले. "तुमचा कुठला?"

मी टबात बघितलं. टबाने माझ्याकडे बघितलं. तीन दिवसांत मी एकदाही त्याला पाव घातला नव्हता.

"हा?" मी एक उचलला.

"माझा!"

"मग हा?"

"माझा!"

"लुत्सियान, मघाशी तुम्ही दुसराच दाखवला होता!"

"तो मघाशी. हलतात ते, ब्रोनेकराव. एका जागी बसतात का?"

मी पंधरा-वीस वेळा टोपली घातली. बारा माशांपैकी एकही माझा निघाला नाही. पुस्तकाच्या हिशेबाने माझा मासा जगातच नव्हता, आणि पाणी तर माझ्या कोपरापर्यंत उडालेलं होतं. शेवटी मी टोपली खाली ठेवली. हात टेकले.

"राहू दे," मी म्हटलं.

टेबलावर पदार्थ अकरा. तीनला डोरोटाची गाडी.

आता दुसरा मासा विकत आणावा म्हटलं, तर त्या दिवशी बाराला दुकानं बंद होतात. अंडी उकडावीत म्हटलं, तर झेनोबियाबाई म्हणाल्या, "आजच्या ताटात अंडं? रेगीनाबाई काय म्हणतील?" मग मी टेबल लावायला घेतलं. एवढी माणसं बसायला टेबल पुरेना, म्हणून मी आणि लुत्सियानने बाथरूमचं दार बिजागरीतून काढलं आणि दोन खुर्च्यांवर आडवं टाकलं. वर रिवाजाप्रमाणे सुकं गवत, गवतावर पांढरी चादर. ताटं मांडली. अकरा पाहुणे, मी, डोरोटा. तेरा. आणि एक जास्तीचं. आमच्याकडे त्या दिवशी एक ताट जास्त मांडतात, न बोलावलेल्या माणसासाठी. ते कुठलं मांडावं याचा विचार मी केला नाही. कपाटातून हाताला आलं ते निळ्या काठाचं, एका बाजूला टवका गेलेलं, रेगीनाचं होतं. मी ते माझ्या शेजारी ठेवलं.

डोरोटा आली. कोट न काढताच ती घरभर फिरली.

"बाबा, बाथरूमला दार का नाही?"

"त्यावर आपण जेवणार आहोत."

"टबात बारा मासे का आहेत?"

"सगळ्या ट्रॅम एकाच डेपोत आल्या."

तिने पुढे विचारलं नाही. पान एकशे बारा तिने लहानपणीच पाठ केलेलं होतं. ती टेबलापाशी गेली आणि बोटाने मोजायला लागली. मी खिडकीबाहेर बघत होतो. "नऊ... दहा... अकरा." बोट थांबलं.

"बाबा, बारावा?"

"बारावा पोहतोय," मी म्हटलं.

कोणी हसलं नाही. डोरोटाही नाही. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मला बरं वाटायला हवं होतं. पण त्याने मला जास्तच भीती वाटली. बाहेर तारा निघाला होता. तेवढ्यात झेनोबियाबाईंनी दुसरीच मोजणी केली.

"अगं बाई! आपण तेरा आहोत!" त्यांनी खुर्ची मागे ओढली. "तेरा जण मी जेवायला बसणार नाही. आजच्या दिवशी तर मुळीच नाही. वर्षाच्या आत एक जण जातो!"

"कोणीतरी उठा मग," लुत्सियान म्हणाला.

कोणीही उठलं नाही. 'कोणीतरी' म्हटल्यावर आमच्या जिन्यात काय होतं ते आता तुम्हाला माहीतच आहे.

"मी उठतो," मी म्हटलं. "मी स्वयंपाकघरात जेवतो. नाहीतरी..."

दारावर टकटक झाली.

क्लेमेन्स होता. पोस्टमनचा जुना गणवेश, इस्त्री केलेला. हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. सात वर्षांत मी त्याला इतक्या जवळून बघितलं नव्हतं. म्हातारा झाला होता.

"खाली चिठ्ठी आहे," तो म्हणाला. "जिन्यातल्या प्रत्येकाने, असं लिहिलंय. मी जिन्यात राहतो."

मी दार धरून उभा राहिलो.

"क्लेमेन्सला सोडून, असं लिहिलेलं नाही. मी तीनदा वाचलं. चाळीस वर्षं पत्ते वाचलेत मी, ब्रोनेकराव. आणि काल तुम्ही माझ्या दारावरून गेलात. मला पावलं ओळखू येतात."

"पण कार्प नाही आणलात?" लुत्सियानने मागून विचारलं.

"मासा मला आवडत नाही. वाटाणे आणि कोबी आणलाय." त्याने पातेलं पुढे केलं. "त्याच पिंपातला."

पातेल्यातून तो आंबट वास आला. आमच्या तळघराचा, ओल्या खोक्यांचा वास. डोरोटाने माझा दंड धरला. मला म्हणायचं होतं, तुझ्या या कोबीने माझं पान एकशे बारा नासलं, त्यामुळे हे सगळं झालं! जिभेवर आलंही होतं. पण वाक्य मीच लिहिलं होतं, आणि त्या 'प्रत्येका'त हा माणूस होता. मी धरला नव्हता, तरी होता.

"चौदा!" झेनोबियाबाई ओरडल्या. "घ्या, घ्या त्यांना आत! दार लावा, थंडी येतेय!"

रिकामं ताट एकच होतं. क्लेमेन्सने ते बघितलं. निळा काठ त्याने ओळखला असावा, कारण तो उभाच राहिला.

"ही जागा त्यांची आहे ना? मी स्टुलावर बसतो."

"बसा," मी म्हटलं. "रिकाम्या जागेत कोणीतरी घालावंच लागतं. नाहीतर वाक्य पुरं होत नाही."

तो बसला. आमच्याकडे जेवणाआधी पातळ पांढरी पापडी मोडून एकमेकांना देतात आणि शुभेच्छा देतात. क्लेमेन्सने माझ्या पापडीचा कोपरा मोडला.

"कागद वाळतात म्हणालो होतो मी," तो हळूच म्हणाला. "वाळत नाहीत."

"नाही वाळत," मी म्हटलं.

डोरोटाने पातेल्यावरचं फडकं काढलं, पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि बोट लावलं. "बारा."

"पण हे ब्रोनेकरावांनी..." झेनोबियाबाईंच्या तोंडून निघालं.

"बारा पदार्थ, असं ठरलं होतं," डोरोटा म्हणाली. "कोणी करायचे ते वाक्यात नव्हतं. माझं चुकलं, मी नीट मांडलं नाही." मग माझ्याकडे वळली. "आईने पास केलं असतं तुम्हाला. काठावर!"

आम्ही जेवलो. प्रत्येकाने प्रत्येक पदार्थ चाखायचाच असतो, एक जरी चुकला तरी वर्षातलं एक सुख चुकतं म्हणतात. डोरोटाने कोबी खाल्ला. ती लहानपणापासून कोबीला हात लावत नाही. बाथरूमला दार नसल्यामुळे मधूनमधून टबातून चुबुक असा आवाज येई, आणि अकरा जण एकदम मान वळवून म्हणत, "माझा!"

डोरोटा सव्वीसला लुब्लिनला गेली. सामान बांधा, म्हणाली नाही. जाताना पडदा तेवढा सुलटा करून गेली.

सत्तावीसला आम्ही माशांचं काय करायचं ते ठरवलं. वार्ता नदीत सोडायचे, प्रत्येकाने आपापला. सगळे बादल्या घेऊन आले. आता मात्र कोणाला ओळखायची अडचण आली नाही. हाताला येईल तो माझा म्हणत, जो तो एक मासा घेऊन गेला. क्लेमेन्सने लोकांच्या बादल्या धरून जिन्यातून खाली नेल्या.

संध्याकाळी डोरोटाचा फोन आला. "मासे गेले का, बाबा?"

"गेले! प्रत्येकाने आपापला नेला."

"मग आता अंघोळ करा. आठवडा झाला."

"करतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. टॉवेल खांद्यावर टाकून मी बाथरूममध्ये गेलो. दार परत बसवलेलं होतं. टबात भरपूर मोकळं पाणी होतं आणि त्यात मधोमध, अगदी ऐसपैस, एक कार्प फिरत होता.

अकरा जण, अकरा बादल्या. बारावा मासा जगात होता तर! आणि 'प्रत्येकाने नेला' म्हणताना मी पुन्हा एकाला मोजायचं विसरलो होतो. या खेपेला मला स्वतःलाच.

त्याला नदीवर न्यायचंच आहे. पण थंडी फार आहे, आणि बादली झेनोबियाबाईंकडे राहिलीय. आता मी त्याला पाव घालतो. पुस्तक तिथेच स्टुलावर बसून वाचतो, पान एकशे एकोणीस चालू आहे. नाव अजून दिलेलं नाही. नवं हवं, असं लिहिलंय. एक सुचलं होतं, पण ते आधी वापरलेलं आहे.

अंघोळीला मी क्लेमेन्सकडे जातो. गुरुवार आणि रविवार. टॉवेलला कोबीचा वास येतो. डोरोटाला हे सांगितलेलं नाही, आणि तिने विचारलंच, तर एकही गोष्ट लपवली नाही असं काही मी म्हणणार नाही.